मुंडकार

उताऱ्यावर आमची जागा दीड हजार चौरस मीटर.
पायांनी मोजली तर नऊशेही भरत नाही.
उरलेली ओहोटीला दिसते,
अमावास्येला जरा जास्त.

दिल्लीचं गिऱ्हाईक पांढरे बूट हातात घेऊन
म्हणालं, हद्दीचा दगड दाखवा.
मी म्हटलं, साडेचारपर्यंत थांबा.
त्याला वाटलं, दगड दाखवणारा माणूस
साडेचारला येतो.

नावं अकरा.
तीन वारली, त्यांच्या जागी नऊ लागायची आहेत.
एक बाहरीनला. एक बोटीवर खानसामा,
तो कुठल्या समुद्रात आहे हे त्याच्या बायकोला
फोन लागला तरच कळतं.

म्हणून मी सह्या गोळा करत फिरले.
प्लास्टिकच्या पिशवीत कागद, पिशवीवर पदर,
केरीहून सकाळची पहिली फेरीबोट.
तेरेखोलच्या पाण्यावर धुकं,
मासळीच्या टोपल्या, एक नवीकोरी स्कूटर,
आणि ती रशियन बाई, जी सहा वर्षं
आमच्या मागच्या खोलीत डिसेंबर काढते.
तिनं विचारलं, तू कुठे निघालीस प्रवासाला?
प्रवासाला!
सावंतवाडी, म्हटलं. चुलतभावाची सही.
तिनं माझा फोटो काढला.

रमाकांतनं चहा दिला, सही दिली नाही.
"विकू नको गे," म्हणाला,
एकवीस वर्षांत तिकडे न फिरकलेला.
"त्या माडाखाली आपली नाळ पुरलीय."
तो माड आता आडवा आहे.
पोरं त्याच्यावरून पाण्यात उड्या टाकतात,
लग्न ठरलेली जोडपी त्यावर बसून फोटो काढतात.
एका फोटोचे पन्नास घे, असं सगुण म्हणायचा.
मी घेतले दोनदा, लाज वाटली,
मग तिसऱ्यांदाही घेतले.

वास्कोत आतेनं अंगठा दिला.
शाई पुसता पुसता विचारलं,
विहीर गोडी आहे ना अजून?
मी हो म्हटलं.
पाणी मचूळ होऊन तीन वर्षं झाली.
परतीच्या बसमध्ये पिशवी जड झाली होती
असं सांगता येईल, पण नव्हती झाली.
भूक लागली होती.
म्हापशाला उतरून पातळभाजी-पाव खाल्ला.

मामलेदार कचेरीतला कारकून चष्म्यावरून म्हणाला,
जागेत मुंडकार कोणी?
म्हणजे मालकानं राहू दिलेला,
मग वर्षानुवर्षं न हटलेला?
नाही, असं मी लिहून दिलं. खाली सही केली.

आणि रात्री मागच्या पायरीवर बसले,
तर तो आलाच,
कुणाला न विचारता, न्हाणीच्या भिंतीपर्यंत,
चुलीची राख घेऊन गेला,
सगुणची एक चप्पल घेऊन गेला.
याला आजोबांनी हटकलं नाही,
बाबांनी हटकलं नाही,
उलट दर नारळी पुनवेला
टोपी काढून नारळ दिला.
हा कसला मुंडकार,
ज्याला भाटकारच खंड भरतो!
उताऱ्यावर याचं नाव घालायचं
तर वडलांचं नाव काय लिहू,
आणि सहीला याला कुठल्या फेरीबोटीनं गाठू?

असो. साडेचार वाजले.
दगड वर आला, आधी नुसता काळा ठिपका,
मग गुडघ्याएवढा.
गिऱ्हाईक विजार दुमडून तिथवर आलं.
आकडा दिसेना, सगळीकडून कालवं धरलेली.
मी कोयत्यानं ठोकून ठोकून काढली.
दोनाचा आकडा निघाला, मग एक,
पुढचं झिजलं होतं.
त्यानं चारी बाजूंनी फोटो घेतले,
पुढच्या महिन्यात कळवतो म्हणाला,
आणि पाणी घोट्याला लागताच
आमच्या सगळ्यांच्या आधी काठावर गेला.

मी कागद काढून कमरेला खोचले
आणि पिशवीत कालवं भरली.
चार माणसांना पुरतील एवढी होती.